तीन वेळा, दुधाबरोबर

अण्णा,

आज सकाळी साडेसहाला मी तुमची गोळी घेतली. तुमची म्हणजे तुम्हाला चालू होती तीच. पाकीट बदललंय, रंगही बहुधा वेगळा आहे, पण नाव वाचलं आणि ओळख पटली. बारा दिवस झाले सुरू करून. गोळी घेतल्यावर अर्धा-पाऊण तास काही खायचं नाही असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे, आणि हा पाऊण तास मला खायला उठतो. एरवी पेपर चाळते. आज नळाला पाणी आलंय. सून खाली मोटार लावून टाकी, पिंप, घागरी भरतेय, म्हणजे सव्वासात-साडेसातपर्यंत ती वर येत नाही. मुलगा पहिल्या पाळीला गेलाय. घरात कुणी नाही, म्हणून वही घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. अक्षर तेवढं बघू नका. मुंग्यांची रांग लागलीय. सदतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, शेवटच्या बाकापर्यंत दिसेल असं, आणि आता माझंच लिहिलेलं मला चष्मा पुसून वाचावं लागतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाई, शाई महाग झाली का काय?"

हे सुरू झालं बँकेत. चार वर्षांपूर्वी माझी सही जुळेना. खिडकीतल्या बाई तीनदा म्हणाल्या, "मॅडम, पहिल्यासारखी करा की," आणि मी माझा स्वभाव सोडते थोडीच, मी त्यांच्यावरच डाफरले. मग उजव्या हाताचा अंगठा आपला आपणच बोटावर फिरायला लागला, वात वळत असल्यासारखा. तो बघितला आणि मला कळलं, तुमचाच कंपवात. कुणी सांगायची गरज नव्हती. तसला अंगठा मी सहा वर्षं रोज बघितला होता. तरी वर्षभर पदराखाली हात लपवला. हळदी-कुंकवाला जायचं बंद केलं, कारण करंडा हातात घेतला की वाजायचा. शेवटी मुलानं ओढून डॉक्टरकडं नेलं. आधी एक हलकी गोळी होती, ती आजवर पुरली. गेल्या महिन्यात पाय घासायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली, आता मोठी गोळी सुरू करू या. तरुण आहे, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरींच्या वयाची. बोलते मात्र छान. म्हणाली, "काकू, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ही गोळी जेवणाच्या आधी, नुसत्या पाण्याबरोबर. दुधाबरोबर अजिबात नाही. दूध आणि ही गोळी पोटातून एकाच दारानं आत जातात. दूध आधी घुसतं आणि गोळी बाहेर उभी राहते. मग लोक येऊन म्हणतात, गोळीचा गुण नाही. अगदीच मळमळलं तर एखादं बिस्किट खा."

सून हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घेत होती. मी खुर्चीचा हात धरून बसले होते. विचारलं, "आणि कुणी घेतलीच दुधाबरोबर, तर?" ती म्हणाली, "सगळ्यांना सारखा फरक पडतो असं नाही हो. पण काहींना ती घेतली काय आणि न घेतली काय, सारखंच होऊन बसतं." मग माझ्याकडं बघून हसली, "इतकं काही अवघड नाही, काकू. घाबरलात का?" तिला वाटलं मी घाबरले. परत येताना रिक्षात सुनेनं विचारलं, "आई, आजोबांना पण हीच गोळी होती ना? त्यांना कशाबरोबर द्यायचात तुम्ही?" तिनं तुम्हाला बघितलेलं नाही, भिंतीवरच्या फोटोतले तेवढे तिच्या ओळखीचे. मी म्हणाले, "त्या वेळी डॉक्टर असलं काही सांगत नव्हते गं." आणि रिक्षाच्या बाहेर बघायला लागले.

दूध आणि तुम्ही. अण्णा, मला आता हसू येत नाही, पण यात हसण्यासारखंही आहेच. अकलूजजवळच्या आपल्या गावात दूध संकलनाच्या खोलीत तुमचा जन्म गेला. दोन वेळची धार झाली की बाया-माणसं कॅन घेऊन दारात उभी, आणि तुम्ही आत काचेची नळी दुधात सोडून डिग्री बघताय. कुणी पाणी घातलेलं असलं की नळीच्या आधी तुम्हालाच कळायचं. अंगठ्याच्या नखावर एक थेंब ठेवायचात, तो जरा घरंगळला की फक्त समोरच्याकडं बघायचात. बोलायचं काही नाही. तो माणूस आपसूक मान खाली घालायचा. कुणाच्या म्हशीचं दूध किती डिग्रीचं, कुणाची कधी व्यालेली, हे वही न उघडता सांगणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. आणि एवढं असून घरात दुधाच्या थेंबाला तुम्ही शिवला नाहीत. चहा कोरा. आई म्हणायची, "पाव्हनंरावळं हसत्यात की ओ." तुम्ही म्हणायचात, "आयुष्यबर लोकांचं दूद हुंगतोय. आता पोटात कशाला घालू? मला वासच न्हाय सोसत त्याचा." तुमचे कपडेसुद्धा आई वेगळे भिजत घालायची.

मला सोलापूरला शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही रजा काढून एस.टी.नं आलात. रजा हा शब्द मी तुमच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. बाजारातल्या एका दुकानात मला नेलंत आणि बारीक पट्ट्याचं घड्याळ घेऊन दिलंत. दुकानदार डबीत घालून देत होता, तर म्हणालात, "डबी ऱ्हाऊ द्या," आणि तिथंच माझ्या मनगटावर ते बांधलंत. दुधाच्या कॅनच्या कड्यांनी घट्टे पडलेली बोटं, तरी ती बारीक कडी तुम्ही एका फटक्यात लावलीत. "वेळ संबाळ, पोरी. बाकी समदं हुतंय." त्या दिवसापासून तुम्ही मला नावानं हाक मारली नाहीत. बाईच म्हणायचात. चेष्टेनं म्हणायचात, पण त्यात मान होता, आणि तो मान माझ्या डोक्यात गेला, हे आता लिहिते.

आई गेली आणि तुम्हाला मी इकडं आणलं. तोवर अंगठा फिरायला लागला होता, चेहरा थिजल्यासारखा झाला होता, आवाज खोल गेला होता. इथल्या एका वयस्कर डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तुमचा हात कोपरातून वाकवून बघितला, खोलीत चालायला लावलं, गोळी लिहून दिली, चार गोष्टी समजावल्या. घरी आले आणि पहिलं काम काय केलं तर शाळेतून आणलेल्या पुठ्ठ्यावर तक्ता केला. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. आणि खाली लाल शाईनं, अधोरेखित करून, 'दुधाबरोबर'. इंग्रजी गोळ्या गरम पडतात, रिकाम्या पोटी घेतल्या की पित्त उसळतं, दुधानं निवतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात सोलापूरचा उन्हाळा. मी तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवला आणि दोन पावलं मागं जाऊन बघितला. अक्षर सुरेख आलं होतं. शेजारच्या वहिनी आल्या की तक्त्यापुढं उभ्या राहायच्या. "लेक असावी तर अशी. बापाला तीन वेळ दूध!" असं त्या म्हणाल्या की मी काहीतरी काम असल्यासारखी आत जायची, पण कान तिथंच असायचे.

तुम्ही खाटेवर बसलेले. मी तुम्ही दिलेल्या घड्याळात बघतेय, आठाला दोन मिनिटं आहेत. पेला तुमच्या दोन्ही हातांत, आणि दूध काठावरून सदऱ्यावर सांडतंय. तुम्ही श्वास रोखून घोट घेताय.

"बाई, पान्यासंगं घेतो की. डाक्टर पान्यासंगंच म्हनला हुता."

"तसं काही म्हणाले नव्हते."

"म्हनला हुता गं. जेवायच्या आदी, पान्यासंगं."

"अण्णा, मी होते ना तिथं? तुम्हाला कालचा वार आठवत नाही, आणि डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय होय? प्या गुपचूप."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. थेंब घरंगळल्यावर बघायचात तसं नाही. उलटं. तुमच्याच हातून काही चुकलंय आणि ते काय, हे माझ्या तोंडावर वाचायचं असल्यासारखं. मग प्यायलात. पुढं काही महिने तुम्ही रोज सांगत राहिलात. मग वाक्य तोकडं झालं, "पानी दे की," एवढंच उरलं. मग तेही गेलं. गावाकडचं कुणी भेटायला आलं होतं, त्यांना तुम्ही म्हणताना मी ऐकलं, "माज्या काय ध्यानात ऱ्हात न्हाय आता. बाईला इचारा, तिला समदं ठावं." आणि त्यानंतर तुम्ही सकाळी उठलात की बोटांवर वार मोजायला लागलात. सोमवार, मंगळवार, मोठ्यानं. चुकलात एकदाही नाही. तरी मला विचारायचात, "बरुबर हाय का गं?" मी डबा भरता भरता म्हणायची, "बरोबर."

एक दिवस दूध आलंच नाही. दूधवाल्याच्या घरात कुणीतरी वारलं होतं आणि शाळेत तपासणी, मला कोपऱ्यावरून पिशवी आणायलाही सवड नव्हती. चिडचिड करत तुम्हाला साडेसहालाच पाण्याबरोबर गोळी दिली, भाकरी आणि शेंगाचटणी झाकून ठेवली आणि पळाले. दुपारी परत आले तर दार उघडंच. तुम्ही दाढी केलेली. पायजम्याची नाडी स्वतः बांधलेली. खुर्चीत बसून पुढ्यात ताटली, त्यात दोन पेरू कापलेले, तिखट-मीठ लावलेले. फोडी काही सारख्या नव्हत्या, पण तुम्ही कापल्या होत्या. कोपऱ्यावरच्या गाड्यापर्यंत एकटे चालत जाऊन आला होतात.

"घे, बाई. आज पाय माजं ऐकत्यात."

तुम्ही हसलात, अण्णा. त्या थिजलेल्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. मला आनंद झाला, तो खोटा नव्हता. उभ्या उभ्या तीन फोडी खाल्ल्या. पण आनंदाच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं, आणि तो राग होता. म्हणजे जमतं तर यांना! मग रोज मी कमरेत हात घालून उठवते, शाळेला उशीर करून घेते, ते कशासाठी? सदतीस वर्षं मी पोरांना गणितं घातली. दूध नाही, पाणी आहे, आणि माणूस चालतोय, हे एवढं साधं गणित माझ्यापुढं ताटलीत मांडलेलं होतं. मला सोडवता आलं नाही. का मी ते सोडवायलाच घेतलं नाही?

दुसऱ्या दिवशी दूध आलं. रविवार होता. शाळेतल्या दोघी बाई सकाळी घरी आल्या होत्या, मी चहा टाकला होता. तुम्हाला त्यांना नमस्कार करायचा होता. आतल्या खोलीतून निघालात आणि उंबऱ्यापाशी पाय अडकले. जागच्या जागी नुसती चुळबुळ, पाऊल काही पुढं पडेना. ओठावर दूध वाळलेलं तसंच. मला लाज वाटली. तुमची लाज वाटली, अण्णा, आणि ती झाकायला मी मोठ्यानं म्हणाले, "काल पेरू आणायला बरे पाय होते. आज माणसं आली की बरोब्बर अडकले. मनात आणलं की सगळं जमतं यांना, मनातच आणत नाहीत." त्या दोघी हसल्या. काय करणार बिचाऱ्या, मी हसत होते म्हणून हसल्या. तुम्ही चौकट धरून उभे होतात. तिथूनच म्हणालात, "व्हय. मनातच आनत न्हाय मी." टोमणा मारला असतात तर मला आज बरं वाटलं असतं. तुम्हाला ते खरंच वाटत होतं.

त्या दिवसानंतर तुम्ही कोपऱ्यापर्यंत कधी गेला नाहीत. पुढं दोन वर्षांनी छातीत कफ धरून गेलात. दहाव्याला सगळे म्हणाले, पोरीनं बापाला दुधावर सांभाळलं, मुलगा करणार नाही तेवढं केलं. मला भरून आलं. मी तक्ता दारावरून काढला, पण टाकला नाही, माळ्यावर ठेवला. आठवण म्हणून ठेवला असं सांगायची. अभिमान म्हणून ठेवला होता.

आता माझं बघा. पहिल्या दिवशी सवयीनं मी दुधाच्या पातेल्याकडं हात नेला, तर सुनेनं पातेलं उचलून पलीकडं ठेवलं आणि पाण्याचा पेला पुढं केला. "आई, पाण्याबरोबर. डॉक्टरांनी सांगितलंय ना?" घरातल्या सगळ्यांना गोळ्या दुधाबरोबर घ्यायला लावणारी मी, तिला लग्न होऊन आल्यावर ते शिकवणारीही मीच. पण तिनं वाद घातला नाही, माझं काही काढलं नाही. डॉक्टर जे म्हणाल्या ते ती करते. एवढंच असतं ते. एवढंसुद्धा मला जमलं नव्हतं.

आणि गोळीचा गुण येतोय, अण्णा. या आठवड्यात मात्रा वाढवली. सकाळी गोळी घेतल्यावर तास उलटायच्या आत अंगठा थांबतो. काल स्वतःच्या हातानं साडीला पिन लावली. सून टाळ्या वाजवायची बाकी राहिली होती, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. ही मोकळीक तुमच्या पेल्यापाशी रोज तीनदा येत होती आणि मी तिला दारातच उभी केली. मला लाज वाटते. आता वाटते ती माझी वाटते.

काल दुपारी आणखी एक झालं. पाण्याचं जुनं पिंप काढायला सून माळ्यावर चढली आणि तक्ता घेऊन उतरली. "आई, हे तुमचं अक्षर? किती सुंदर हो!" मग तिनं वाचलं. लाल शाईपर्यंत आली आणि तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाली, "आजोबा काही म्हणायचे नाहीत का?"

"म्हणायचे. पाण्याबरोबर दे, डॉक्टर तसंच म्हणालेत, असं रोज म्हणायचे."

"मग?"

"मला वाटायचं, ते विसरलेत."

तिनं तक्ता भिंतीला टेकवून ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुम्हाला तरी काय माहीत होतं हो, आई. दोषी नका धरू स्वतःला." मी तिला तसं म्हणू दिलं. वर तिच्या हातचा चहाही प्यायले.

सात वाजून वीस मिनिटं झालीत. खाली मोटार बंद झाली, आता ती घागर घेऊन वर येईल आणि उपीट टाकेल. अंगठा शांत आहे. या शेवटच्या ओळी त्यामुळं जरा मोठ्या अक्षरात येतायत, बघा. ही वही तिच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवणार आहे, कारण तिला जे सांगता आलं नाही ते अजून लिहायचं राहिलंय. तुमच्या त्या वयस्कर डॉक्टरांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. भिंतीकडच्या खुर्चीत तुम्ही, शेजारच्या खुर्चीत मी. ते म्हणाले, "जेवणाआधी, पाण्याबरोबर." दोनदा म्हणाले. मी मान हलवली, आणि जिना उतरता उतरता मनात म्हटलं, यांना काय जातंय सांगायला, म्हाताऱ्या माणसाला रिकाम्या पोटी गोळी द्यायची नाही. तुमच्या ध्यानात बरोबर राहिलं होतं, अण्णा. शेवटपर्यंत सगळं बरोबर होतं. मीही ऐकलं होतं.